लिनक्समधून डिव्हाइसच्या फर्मवेअरपर्यंत: कर्नलचा कोणता दरवाजा कधी वापरायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या अंबडमध्ये आमचं एम्बेडेड कामाचं आणि बोर्ड-दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. सातपूर-सिन्नरच्या कारखान्यांतले मेंटेनन्सवाले, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं आणि दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत ठिबकचे कंट्रोलर बसवणारी मंडळी, सगळ्यांकडून घुमूनफिरून तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. फर्मवेअर म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि ड्रायव्हर म्हणजे एखाद्या चिपशी बोलणारा कर्नलचा भाग. कमांड, फाइल आणि फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करायची.

१. वायफायचीही फर्मवेअर, राउटरचीही फर्मवेअर आणि बायोसलाही फर्मवेअरच म्हणतात. मग फरक काय?

फरक ती राहते कुठे याचा. काही चिपकडे कायमची साठवण नसतेच. वायफाय, ब्लूटूथ, ग्राफिक्स कार्ड यांतल्या बऱ्याच चिप वीज गेली की सगळं विसरतात, म्हणून दर बूटला कर्नल त्यांना फाइल भरवतो. प्रोसेसरचा मायक्रोकोडही याच जातीचा. दुसऱ्या प्रकारात इमेज फ्लॅशमध्ये मुक्कामाला असते: राउटरची एसपीआय फ्लॅश (एसपीआय ही चिप जोडायची एक बस), एसएसडीच्या आतला प्रोग्रॅम, एसटीएम३२ सारखा मायक्रोकंट्रोलर. तिसरा प्रकार म्हणजे खुद्द मशीनची यूईएफआय, म्हणजे आजचं बायोस.

पहिल्या प्रकारात चुकलात तर फाइल बदला, रीबूट करा, विषय संपला. दुसऱ्या-तिसऱ्यात चुकलात तर बोर्ड उघडून चिपला क्लिप लावायची वेळ येऊ शकते (प्रश्न १९). म्हणून कोणी "फर्मवेअर टाकता येत नाही" म्हणालं, की आम्ही आधी विचारतो: यातली कुठली?

२. एकाच चिपपर्यंत पोचायला चार-पाच वाटा दिसतात. बरोबर वाट कोणती हे ठरवायचं कसं?

त्या चिपचा आत्ताचा मालक कोण, हे शोधा. कर्नलमधल्या एखाद्या ड्रायव्हरने ती ताब्यात घेतली असेल तर त्या ड्रायव्हरने उघडलेल्या दारानेच आत जायचं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. ड्रायव्हर एक रजिस्टर (चिपच्या आतली छोटी नोंद) वाचत असताना तुमचा प्रोग्रॅम खालून तीच बस (चिपपर्यंतच्या तारा) हलवू लागला, तर दोघांनाही चुकीचं दिसतं, आणि ते रोज एकाच वेळी चुकेल असंही नाही. आठवड्यातून एकदा येणारा असा दोष शोधताना माणूस रडकुंडीला येतो.

मालक पाहणं सोपं आहे. /सिस/बस मध्ये तुमच्या बसखाली डिव्हाइसचा फोल्डर असतो. त्यात ड्रायव्हर नावाची लिंक दिसली तर ती जिथे बोट दाखवते तो मालक. लिंक नसेल तर चिप मोकळी आहे.

मग क्रम असा: आधी त्या प्रकारच्या डिव्हाइससाठी कर्नलने खास बनवलेला दरवाजा (फ्लॅशसाठी एमटीडी, ईईप्रॉमसारख्या छोट्या साठवणीसाठी एनव्हीमेम, चिपमधल्या छोट्या कोअरसाठी रिमोटप्रॉक, नेटवर्क कार्डसाठी डेव्हलिंक), तो नसेल तर बसचा उघडा दरवाजा (एसपीआयला स्पायडेव्ह, आयटूसीला आयटूसी-डेव्ह, यूएसबीला यूएसबीएफएस), आणि अगदी शेवटी थेट मेमरी. खालचे बहुतेक प्रश्न या क्रमाचेच वेगवेगळे प्रसंग आहेत.

३. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) "फर्मवेअर लोड झाली नाही, एरर उणे २" असं येतं. फाइल तर मी टाकली आहे!

उणे २ म्हणजे "अशी फाइल नाही". कर्नल फाइल शोधतो त्या जागा ठरलेल्या आहेत आणि क्रमही ठरलेला आहे: आधी /लिब/फर्मवेअर/अपडेट्स मधला कर्नल-व्हर्जनच्या नावाचा फोल्डर, मग /लिब/फर्मवेअर/अपडेट्स, मग /लिब/फर्मवेअर मधला व्हर्जनचा फोल्डर, आणि शेवटी /लिब/फर्मवेअर. वेगळी जागा हवी असेल तर फर्मवेअर_क्लास मॉड्यूलच्या पाथ पॅरामीटरमध्ये द्यायची, ती सगळ्यांच्या आधी तपासली जाते.

फाइल त्या जागी असूनही मिळत नसेल तर तीन गोष्टी पाहा. नाव डीमेसेजमध्ये आलंय तसंच, सबफोल्डरसकट आहे का? फाइल दाबून ठेवलेली (कॉम्प्रेस केलेली) आहे का? एक्सझेड कर्नल ५.३ पासून आणि झेडस्टँडर्ड ५.१९ पासून उलगडता येतं, पण तो पर्याय कर्नल बनवताना चालू केलेला असावा लागतो. बोर्डासोबत आलेल्या कर्नलमध्ये बरेचदा नसतो. आणि तिसरी, जी सगळ्यात जास्त फसवते: ड्रायव्हर फाइल मागतो तेव्हा रूट फाइलसिस्टिम माउंट झालेली असते का? ड्रायव्हर कर्नलमध्येच बिल्ट-इन असेल तर तो फार लवकर जागा होतो आणि तेव्हा /लिब/फर्मवेअर अस्तित्वातच नसतं. उपाय तीन: ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवा, फर्मवेअर इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये उघडणाऱ्या छोट्या फाइलसिस्टिममध्ये) घाला, किंवा एक्स्ट्रा_फर्मवेअर पर्यायाने कर्नलच्या पोटातच टाका. आमची पसंती पहिल्याला. तिथे नंतर फाइल बदलायला काही बांधावं लागत नाही.

जुन्या लेखांत यूडेव्ह (नवं डिव्हाइस दिसलं की त्याला नियम लावणारा प्रोग्रॅम) फर्मवेअर भरवतो असं वाचाल. ते आता खरं नाही. २०१२ च्या कर्नल ३.७ पासून कर्नल स्वतःच फाइल वाचतो, आणि २०१४ मध्ये सिस्टिमडी २१७ मधून तो जुना लोडर काढूनच टाकला.

४. मी स्वतः ड्रायव्हर लिहितोय. रिक्वेस्ट_फर्मवेअर, नोवेट, नोवॉर्न, डायरेक्ट: यातलं कोणतं फंक्शन वापरू?

फाइलशिवाय डिव्हाइस चालूच शकत नसेल आणि थांबणं परवडत असेल तर साधं रिक्वेस्ट_फर्मवेअर. प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइस ताब्यात घेतो त्या टप्प्यात) थांबलात की त्या ओळीतले बाकीचे ड्रायव्हरही खोळंबतात, म्हणून फाइल मोठी किंवा चिप संथ असेल तर नोवेट. ते कॉलबॅक देतं, पण कॉलबॅक येण्याआधी डिव्हाइस उपटलं गेलं तर काय, याची जबाबदारी तुमची. फाइल असली तर बरं, नसली तरी चालेल, असं असेल तर नोवॉर्न, म्हणजे विनाकारण लॉगमध्ये आरडाओरडा होत नाही. कॅलिब्रेशनच्या फाइलला हे छान बसतं. डायरेक्ट म्हणजे फक्त डिस्कवर बघ, यूजरस्पेसच्या (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमच्या) मदतीची वाट पाहू नकोस.

त्या मदतीचा किस्सा समजून घ्या. कर्नल बनवताना यूजर-हेल्पर फॉलबॅक सक्तीने चालू ठेवला असेल, तर फाइल न मिळाल्यावर कर्नल ६० सेकंद कोणीतरी देईल म्हणून वाट पाहत बसतो, आणि देणारा यूडेव्हचा लोडर तर केव्हाच निघून गेला. बोर्ड बूट व्हायला बरोब्बर एक मिनिट जास्त लागत असेल तर आधी हे तपासा.

५. बोर्डवरच्या एसपीआय फ्लॅशमध्ये इमेज लिहायची आहे. एमटीडी, एमटीडीब्लॉक की स्पायडेव्ह?

एमटीडी. म्हणजे /डेव्ह/एमटीडी० हे कॅरेक्टर डिव्हाइस, आणि लिहायला फ्लॅशसीपी. हे उत्तर लांबवतोय कारण इथेच सगळ्यात जास्त बोर्ड मरतात, आणि एक माझ्या हातून मेला आहे.

फ्लॅशचा स्वभाव असा की पुसलेल्या जागी सगळे बिट १ असतात आणि लिहिताना १ चा ० करता येतो, ० चा १ करता येत नाही. तो करायला पूर्ण ब्लॉक पुसावा लागतो, बहुतेक ६४ किलोबाइटचा, काही चिपवर ४ किलोबाइटचाही चालतो. मी घाईत डीडी (जसंच्या तसं कॉपी करणारी कमांड) वापरून थेट /डेव्ह/एमटीडी० वर नवी इमेज ओतली. पुसली नव्हती. डीडीने एकही तक्रार केली नाही. आधी जिथे १०१००१०१ होतं तिथे ००११११०० लिहायला गेलो आणि चिपमध्ये उरलं ००१००१००. जुन्यात आणि नव्यात दोन्हीकडे जिथे १ होता तेवढाच टिकला. अशा लाखो बाइटची खिचडी झाली आणि बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम) गेला. फ्लॅशसीपी आधी पुसतो, मग लिहितो, मग परत वाचून ताडतो. ही तिसरी पायरी मला डीडीपेक्षा हजारपट महत्त्वाची वाटते.

एमटीडीब्लॉक का नको? तो फ्लॅशला डिस्कचं सोंग देतो. एक बाइट बदलायला पूर्ण ब्लॉक रॅममध्ये उचलतो, बदलतो, पुसतो, परत लिहितो, आणि हे तो लगेच करतोच असं नाही, पुढच्या ब्लॉकवर जाईपर्यंत किंवा फाइल बंद होईपर्यंत रॅममध्ये धरूनही ठेवतो. तेवढ्यात वीज गेली तर? वाचायला ठीक, लिहायला टाळा.

स्पायडेव्ह तेव्हाच, जेव्हा त्या चिपला कर्नलमध्ये ड्रायव्हरच नाही, उदाहरणार्थ तुमचा स्वतःचा मायक्रोकंट्रोलर एसपीआयवर बूटलोडर बोलतो. दोन अडचणी आधीच सांगून ठेवतो. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत) नुसतं "स्पायडेव्ह" असं कंपॅटिबल लिहिलं तर आजचा कर्नल ते नाकारतो. चिपचं खरं नाव लिहा, किंवा सिसएफएसमधल्या (/सिस मधल्या) ड्रायव्हर_ओव्हरराइडमधून बांधा. आणि एका ट्रान्सफरची मर्यादा मूळची ४०९६ बाइट असते, ती बफसिझ पॅरामीटरने वाढते.

लिहायला जाताना "परवानगी नाही" आलं आणि तुम्ही रूट असाल, तर डिव्हाइस ट्रीत त्या पार्टिशनवर रीड-ओन्ली लिहिलेलं असण्याची शक्यता खूप. ते कोणीतरी विचार करून लिहिलेलं असतं. काढण्याआधी त्या पार्टिशनमध्ये काय आहे ते बघा. अनेकदा तिथे मॅक अ‍ॅड्रेस आणि रेडिओचं कॅलिब्रेशन असतं, जे त्या एका बोर्डाचंच असतं आणि दुसरीकडून आणता येत नाही.

६. नँड फ्लॅशलाही हेच लागू?

पुसून लिहिण्याचं लागू, बाकी नाही. नँडमध्ये कारखान्यातूनच काही खराब ब्लॉक येतात आणि वापरात वाढतात. फ्लॅशसीपीला ते कळत नाहीत. नँडराइट ते ओलांडून पुढे जातो. फाइलसिस्टिम ठेवायची असेल तर यूबीआय (खराब ब्लॉक सांभाळणारा थर) आणि वर यूबीआयएफएस. नँडवर एमटीडीब्लॉक उघडलात तर नवे कर्नल स्वतःच लॉगमध्ये "यूबीआय वापरा" म्हणून सुचवतात.

७. ईएमएमसीच्या (बोर्डावरच बसवलेल्या, मेमरी कार्डासारख्या साठवणीच्या) बूट पार्टिशनमध्ये लिहिताच येत नाही. ती खराब झाली का?

नाही. /डेव्ह/एमएमसीबीएलके०बूट० आणि बूट१ कर्नल मुद्दाम फक्त-वाचनासाठी उघडतो. /सिस/ब्लॉक मध्ये त्या नावाखाली फोर्स_आरओ आहे. त्यात ० लिहा, काम करा, परत १ लिहा. बोर्ड कोणत्या भागातून बूट होतो हे एमएमसी-युटिल्सने पाहा. चालू असलेला सोडून दुसऱ्यात लिहायचं आणि मग बूट त्याच्याकडे वळवायचा, ही सवय प्रश्न १३ ला उपयोगी पडेल.

८. आयटूसी (दोन तारांची बस) वरच्या ईईप्रॉममध्ये सिरियल नंबर आणि सेटिंग लिहायचे आहेत. आयटूसीसेटने लिहितो, पण मधलेच बाइट भलतीकडे जातात.

आधी आयटूसीडिटेक्ट चालवल्यावर ५० या पत्त्याच्या घरात काय दिसतं ते पाहा. आकडा ५० दिसला तर चिप मोकळी. यू-यू अशी दोन अक्षरं दिसली तर त्या पत्त्यावर ड्रायव्हर बसलेला आहे, बहुधा एटी२४. अशा वेळी आयटूसीसेट "व्यस्त आहे" म्हणतं, आणि लोक लगेच सक्तीचा पर्याय जोडतात. नका जोडू. ड्रायव्हर आहे म्हणजे एनव्हीमेमचं दार तयार आहे: डिव्हाइसच्या फोल्डरमध्ये ईईप्रॉम नावाची फाइल असते. तिच्यात साध्या फाइलसारखं लिहा-वाचा.

बाइट भलतीकडे जाण्याचं कारण पान. २४सी२५६ मध्ये ३२ किलोबाइट आहेत, पण एका दमात फक्त ६४ बाइटच्या पानात लिहिता येतं. ६० व्या बाइटपासून १० बाइट लिहायला गेलात तर पहिले ४ जागेवर जातात आणि उरलेले ६ त्याच पानाच्या सुरुवातीला, आधीचं पुसून. शिवाय प्रत्येक पानानंतर चिपला काही मिलिसेकंद शांतता लागते. एटी२४ ड्रायव्हर हे दोन्ही सांभाळतो. २४सी०२ मध्ये पान बहुधा ८ बाइटचंच, म्हणून छोट्या चिपवर चाललेला प्रोग्रॅम मोठीवर चालेल असं धरू नका, आणि उलटही.

एक इशारा: आयटूसीडिटेक्ट म्हणजे नुसतं बघणं नव्हे, ते बसवर खरंच काहीतरी पाठवतं. जुन्या थिंकपॅडमधली एटी२४आरएफ०८ चिप अशा तपासणीने बिघडते हे त्याच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. कारखान्यातल्या चालू मशीनच्या बसवर गंमत म्हणून चालवू नका.

९. /डेव्ह/मेम (मेमरी थेट दाखवणारी फाइल) वरून थेट रजिस्टर लिहिलं तर काय बिघडतं? मला पाच मिनिटांचं काम आहे.

टेबलावरच्या स्वतःच्या बोर्डवर एक बिट पाहायला ठीक. पण बागेत किंवा लाइनवर जाणाऱ्या गोष्टीत नको. बहुतेक डिस्ट्रोंमध्ये रॅमपर्यंतची वाट बंद असते आणि अनेक ठिकाणी ड्रायव्हरने धरलेल्या पत्त्यांचीही. आयओमेम रिलॅक्स्ड हा बूट पर्याय देऊन दुसरी वाट उघडते, आणि जुन्या लॅपटॉपवर फ्लॅशरॉम (फ्लॅश चिप वाचणारं-लिहिणारं टूल) चालवताना लोक तेच करतात. काम झालं की तो पर्याय काढा.

एफपीजीए किंवा पीसीआय कार्डची रजिस्टर यूजरस्पेसमधून नेहमीच हाताळायची असतील तर त्यासाठी यूआयओ आहे, आणि कार्ड स्वतः डीएमए करत असेल, म्हणजे परस्पर रॅम वाचत-लिहीत असेल, तर व्हीएफआयओ, कारण तो आयओएमएमयूच्या (कार्डाला ठरलेल्या रॅमबाहेर न जाऊ देणाऱ्या पहारेकऱ्याच्या) आडून चालतो. यूआयओवर चुकीचा पत्ता मिळालेलं कार्ड कुठल्याही रॅमवर लिहू शकतं.

१०. माझ्या ड्रायव्हरमधून यूजरला अपडेट देता यावा. सिसएफएसमध्ये एक फाइल देऊ, आयऑक्टल (ड्रायव्हरला थेट हुकूम देणारा कॉल) करू की डीबगएफएस (डीबगिंगसाठीच्या फाइली)?

डीबगएफएस नको. त्याच्या रचनेची कोणीच हमी देत नाही आणि अनेक उत्पादनांत तो बंदच असतो. साधी सिसएफएस फाइलही नको. तिच्यात एका वेळी एक पान, म्हणजे बहुतेक ठिकाणी ४०९६ बाइट, एवढंच मावतं, आणि "एका फाइलीत एकच मूल्य" हा तिथला रिवाज आहे. बायनरी अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मोठी इमेज जाते, पण तुकड्या-तुकड्यांत, आणि शेवटचा तुकडा कोणता हे ड्रायव्हरला कळत नाही.

कर्नल ५.१९ पासून यासाठी नेमकी सोय आली आहे: फर्मवेअर अपलोड. ड्रायव्हर नोंदणी करतो आणि /सिस/क्लास/फर्मवेअर खाली तुमच्या डिव्हाइसचा फोल्डर तयार होतो. लोडिंगमध्ये १ लिहा, डेटामध्ये इमेज ओता, लोडिंगमध्ये ० लिहा. पुढचं लिहिणं मागे चालू राहतं, स्टेटसमध्ये पायरी दिसते, रिमेनिंग_साइझमध्ये किती उरलं ते, एररमध्ये कुठे अडलं ते, आणि कॅन्सलही आहे. तुम्ही फक्त तयारी, लिहिणं, पूर्ण झालं का पाहणं, रद्द करणं आणि आवरणं ही फंक्शन द्यायची. स्वतःचं आयऑक्टल लिहिण्याआधी हे वाचाच. आमच्याकडे येणाऱ्या प्रोजेक्टमधल्या मुलांचे दोन आठवडे यात वाचतात.

हे रिक्वेस्ट_फर्मवेअरचा पर्याय नाही. तिथे फाइल ड्रायव्हर मागतो, इथे यूजर देतो.

११. यूएसबीवरून एसटीएम३२ ला डीएफयूने (यूएसबीवरून फर्मवेअर लिहायच्या पद्धतीने) फर्मवेअर मारतो. सुडो लावलं तर चालतं, नाहीतर नाही. आणि कधीकधी पोर्ट "व्यस्त" येतं.

डीएफयूसाठी कर्नल ड्रायव्हर लागत नाही. डीएफयू-युटिल यूएसबीएफएसमधून बोलतो आणि तिथे फक्त परवानगीचा प्रश्न असतो. ०४८३:डीएफ११ या ओळखीसाठी यूडेव्हचा नियम लिहा. यूअ‍ॅक्सेस टॅग (मशीनसमोर बसून लॉगिन केलेल्याला परवानगी देणारा) वापरणार असाल तर नियमाच्या फाइलचा आकडा ७३ पेक्षा लहान ठेवा. सगळीकडे दिसणारं ९९ दिलं तर टॅग लागतो, पण त्यावर काम करणारा नियम आधीच होऊन गेलेला असतो. स्क्रीन नसलेल्या, दुरून एसएसएचने चालवायच्या मशीनवर यूअ‍ॅक्सेस कामाचा नाही, तिथे ग्रुप आणि मोड द्या.

"व्यस्त" येतं ते सिरियल पोर्टवर, म्हणजे टीटीवायएसीएम० वर. मॉडेममॅनेजरला प्रत्येक नवं पोर्ट मॉडेम वाटतं आणि तो त्यावर काही सेकंद एटी कमांड सोडतो. बूटलोडर बिचारा त्या कमांडी फर्मवेअर समजून गिळतो. यूडेव्हच्या नियमात आयडी_एमएम_डिव्हाइस_इग्नोर ला १ द्या. डिव्हाइस एचआयडी (कीबोर्ड-माउसच्या जातीचं) म्हणून दिसत असेल तर मालक यूएसबीएचआयडी आहे. तेव्हा लिबयूएसबीने हिसकावण्यापेक्षा एचआयडीरॉ वापरा.

१२. एसएसडी आणि नेटवर्क कार्डची फर्मवेअर?

एनव्हीएमई-सीएलआय: आधी डाउनलोड, मग कमिट. ड्राइव्हमध्ये जास्तीत जास्त ७ स्लॉट असू शकतात, पहिला कधी फक्त-वाचनाचा असतो. साटाला एचडीपार्ममध्ये सोय आहे, पण तिथे जपून. नेटवर्क कार्डला आता डेव्हलिंक. त्यात गंमत अशी की तुम्ही दिलेलं फाइलचं नाव /लिब/फर्मवेअर पासून धरलं जातं, कारण आत रिक्वेस्ट_फर्मवेअरच आहे. डाउनलोड्स फोल्डरचा पूर्ण पाथ देऊन "फाइल नाही" येणारे खूप भेटतात. शोधण्याचे नियम प्रश्न ३ चेच.

१३. अपडेट चालू असताना वीज गेली. कोणता इंटरफेस वापरला असता तर बोर्ड वाचला असता?

कोणताच नाही. इंटरफेस बाइट नीट पोचवतो. अर्धवट पोचले तर काय, हे तुमच्या मांडणीनं ठरतं.

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. शेतीच्या फीडरवर वीज ठरावीक तासांत येते-जाते, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर पानांच्या ओलाव्याचा सेन्सर आणि हवामानाचं यंत्र दोन दिवस जरी बंद राहिलं तरी द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचा अंदाज चुकतो. तो कंट्रोलर मोबाइलवरून अपडेट करताना मेला तर नाशिकहून बागेत माणूस पाठवावा लागतो.

म्हणून दोन जागा ठेवा, अ आणि ब. चालू असलेल्याला हात लावायचा नाही. नवी इमेज दुसऱ्यात लिहायची, परत वाचून ताडायची, आणि शेवटी एकच छोटी नोंद बदलायची की आता ब मधून बूट हो. यू-बूटमध्ये (अशा बोर्डांवरच्या नेहमीच्या बूटलोडरमध्ये) एन्व्हायरन्मेंटच्या, म्हणजे सेटिंगच्या, दोन प्रती ठेवता येतात, त्या ठेवाच, म्हणजे ती नोंद लिहिताना वीज गेली तरी जुनी प्रत शिल्लक असते. बूटकाउंट चालू करा: ब मधून ठरावीक वेळा बूट होऊन प्रोग्रॅमने "मी ठीक आहे" अशी खूण केली नाही तर बूटलोडर अ कडे परततो. आणि बूटलोडर स्वतः दुरून बदलू नका. चिप मोठी घ्यायला जे पैसे जास्त जातात ते एका फेरीतच वसूल होतात.

१४. एकाच चिपमध्ये लिनक्सचा कोअर आणि छोटा कोअर आहेत. छोट्याची फर्मवेअर मेमरीत कॉपी करू का?

नको, त्याचा मालक रिमोटप्रॉक. ईएलएफ (कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमची) फाइल /लिब/फर्मवेअर मध्ये ठेवा, /सिस/क्लास/रिमोटप्रॉक/रिमोटप्रॉक० मधल्या फर्मवेअरमध्ये नुसतं नाव लिहा, मग स्टेटमध्ये स्टार्ट. कोअर चालू असताना नाव बदलायला गेलात तर "व्यस्त" येतं. आधी स्टॉप. छोट्या कोअरशी संदेशांची देवाणघेवाण हवी असेल तर ईएलएफमध्ये रिसोर्स टेबल लागतं. ते विसरलं की कोअर चालू होतो पण कुठलाच चॅनेल उगवत नाही.

१५. यूईएफआयची व्हेरिएबल फाइलींसारखी दिसतात, मग नको ती पुसली तर चालतील?

चालणार नाहीत. काही मशीनची यूईएफआय इतकी कच्ची लिहिलेली होती की ही व्हेरिएबल पुसल्यावर मशीन पुन्हा उठलंच नाही. म्हणून २०१६ मध्ये कर्नल ४.५ पासून ईएफआयव्हार्समधल्या बहुतेक फाइली न-बदलण्याजोग्या म्हणून दिसतात. चॅटर कमांडने ती खूण काढता येते, पण काढताना का काढतोय हे स्वतःला सांगता आलं पाहिजे. वाचताना लक्षात ठेवा: पहिले ४ बाइट गुणधर्मांचे, मजकूर त्यानंतर.

बायोसच अपडेट करायचं असेल तर हाताने काही करू नका, एफडब्ल्यूअपडी वापरा. तो मशीनच्या ईएसआरटी तक्त्यातून काय बदलता येतं ते पाहतो आणि इमेज कॅप्सूल म्हणून ठेवतो. लिहिण्याचं काम रीबूटला खुद्द यूईएफआय करते. म्हणजे इथेही मालकच लिहितो.

१६. मी रूट आहे, तरी "ऑपरेशनला परवानगी नाही". असं कसं?

सिक्युअर बूट (सही असलेलाच प्रोग्रॅम बूट होऊ देणारी सोय) चालू असेल तर अनेक डिस्ट्रो कर्नलचं लॉकडाउनही लावतात. ते कर्नल ५.४ मध्ये आलं. त्यात रूटलाही /डेव्ह/मेम, सही नसलेली मॉड्यूल वगैरे मिळत नाही. /सिस/कर्नल/सिक्युरिटी/लॉकडाउन वाचलं की अवस्था कळते. सिक्युअर बूट बंद करण्याआधी पाहा की तुम्ही चुकीच्या दाराशी उभे तर नाही. एमटीडी, एनव्हीएमई, डेव्हलिंक, एफडब्ल्यूअपडी यांतून नेहमीचं अपडेट लॉकडाउनमध्येही होतं.

१७. डॉकरमध्ये सगळं ठेवलंय. फाइल कंटेनरमध्ये /लिब/फर्मवेअर मध्ये आहे, कर्नलला मात्र सापडत नाही.

कर्नल फाइल कंटेनरच्या नजरेने शोधत नाही. तो मूळ सिस्टिमच्या माउंट नेमस्पेसमधला पाथ पाहतो. फाइल होस्टवरच ठेवा. रिमोटप्रॉक आणि डेव्हलिंकलाही हेच लागू, कारण खाली यंत्रणा एकच. /डेव्ह मधली नोड मात्र कंटेनरला देऊन चालते.

१८. कर्नल अपग्रेड केल्यावर बूट-पिन आणि रीसेट-पिन हलवणारी स्क्रिप्ट बंद पडली. वर्षानुवर्षं चालत होती.

स्क्रिप्टमध्ये /सिस/क्लास/जीपीआयओ असेल. तो मार्ग कधीच जुना ठरवला आहे. त्यातले पिनचे आकडे कायमचे असतील असं कोणी म्हटलं नव्हतं. रास्पबेरी पायवर कर्नल ६.६ च्या सुमारास पहिल्या चिपची सुरुवात ० वरून ५१२ वर गेली आणि १७ नंबरचा पिन ५२९ झाला. २०१६ पासून /डेव्ह/जीपीआयओचिप० आहे, ते लिबजीपीआयओडीने वापरा आणि पिनला आकड्याऐवजी नावाने हाक मारा. लिबजीपीआयओडीच्या दुसऱ्या आवृत्तीत जीपीआयओसेट पिन धरून बसतो, आपणहून परत येत नाही. जुनी स्क्रिप्ट तशीच चालवली तर ती त्या ओळीवर अडकल्यासारखी वाटेल. जीपीआयओसेट मागे (बॅकग्राउंडला) चालवून काम झाल्यावर बंद करा.

१९. बोर्ड मेलाच आहे. आता कर्नलचा कुठलाच दरवाजा नाही. घरी काही करता येईल?

एसपीआय फ्लॅश असेल तर बरेचदा येतं. सीएच३४१ए चा प्रोग्रॅमर, आठ पायांची क्लिप आणि दुसऱ्या मशीनवर फ्लॅशरॉम. त्यातला काळा प्रोग्रॅमर डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट देतो आणि फ्लॅश ३.३ ची असते, म्हणून आधी मल्टिमीटर लावून बघा. चिप १.८ व्होल्टची असेल तर अ‍ॅडॉप्टरशिवाय क्लिप लावूच नका.

लिहिण्याआधी चिप दोनदा वाचा आणि दोन्ही फाइलींचा एसएचए२५६ (मजकुराचा ठसा) जुळतो का ते पाहा. जुळत नसेल तर क्लिप हलली असेल, किंवा क्लिपच्या विजेवर बोर्डचा प्रोसेसरही जागा झाला असेल आणि तोही त्याच चिपशी बोलू पाहत असेल. प्रोसेसरच्या रीसेटचा पाय ग्राउंडला जोडून ठेवा आणि पुन्हा वाचा. तरी नाही जमलं तर चिपचा व्हीसीसीचा (विजेचा) पाय उचला किंवा चिपच उतरवून सॉकेटमध्ये वाचा.